उंदरांवर 'सिद्ध झालेली' अभ्यासाची गोळी : नेमकं काय सिद्ध झालंय?

खामकाठ (छत्रपती संभाजीनगर)

लातूरच्या होस्टेलांवरच्या धाग्यात परवा एकानं ठोकून दिलं, 'ही गोळी घेतली की डोकं जागेवर राहतं, उंदरांवर सिद्ध झालंय.' खाली चार-सहा जणांनी माना डोलावल्या. मी बी-फार्मच्या पोरांना फार्माकॉलॉजी शिकवतो, त्यामुळे गप्प बसवेना. उंदरांवर खरंच ढीगभर काम झालंय. पण त्यातून जे निघालं ते त्या वाक्यात बसत नाही, म्हणून हा वेगळा धागा. गोळी म्हणजे मिथाइलफेनिडेट, अ‍ॅम्फेटामिनसारखंच उत्तेजक औषध.

आधी उतावीळपणा मोजतात कसा ते बघा. उंदराला 'बाळा, धीर आहे का' असं विचारता येत नाही. केंब्रिजच्या ट्रेव्हर रॉबिन्स यांच्या गटानं १९८३ मध्ये एक पेटी वापरात आणली, ती आजही जगभर चालते. पेटीच्या एका भिंतीत ओळीनं पाच भोकं, समोरच्या भिंतीत खाण्याचा कोनाडा. उंदीर कोनाड्यात तोंड घालतो, तिथून फेरी सुरू होते. पाच सेकंद काहीच घडत नाही. मग पाचांपैकी एका भोकात साधारण अर्धा सेकंद दिवा लागतो. त्याच भोकात पाच सेकंदांच्या आत नाक खुपसलं की ४५ मिलिग्रॅमची एक खाद्यगोळी पडते. चुकीच्या भोकात नाक घातलं किंवा काहीच केलं नाही, तर पेटीत पाच सेकंद अंधार. आणि दिवा लागायच्या आधीच नाक खुपसलं तरी अंधार.

तेच ते, दिव्याआधीचं आगाऊ नाक. उतावीळपणाचं माप म्हणून ते धरतात. लक्ष किती आहे ते अचूकतेवरून कळतं, धीर किती आहे ते आगाऊ नाकांवरून. एकाच पेटीत दोन्ही वेगवेगळं मोजता येतं, हीच तिची खुबी. एका बैठकीत शंभरेक फेऱ्या, नाहीतर अर्धा तास. उंदीर तयार व्हायला आठवडेच्या आठवडे जातात. दहात आठ वेळा बरोबर भोक पकडायला लागला की मग त्याच्यावर औषध तपासायचं.

आता अशा तयार उंदराला अ‍ॅम्फेटामिन दिलं तर? होस्टेलवाल्या धाग्याच्या हिशेबानं अचूकता वाढायला हवी. तयार उंदराची अचूकता फारशी हलत नाही. तो झटपट उत्तर देतो, आणि आगाऊ नाकं मात्र वाढतात. म्हणजे उत्तेजक औषधानं उंदीर जास्त उतावीळ झाला. १९८९ मध्ये याच गटानं उंदराच्या मेंदूतल्या न्यूक्लियस अ‍ॅकम्बेन्स नावाच्या भागातले डोपामिनचे (मेंदूच्या पेशींमध्ये निरोप नेणारं द्रव्य) तंतू रसायनानं मारून पाहिले. मग अ‍ॅम्फेटामिन दिलं तरी आगाऊ नाकं वाढेनात. दोष कुठल्या खोलीतून येतो तेही सापडलं म्हणायचं.

इथं थांबलो असतो तर गोष्ट सोपी होती. पुढचं प्रतिसादांत लिहितो, आधी कुणी वाचतंय का ते बघू.

उगाच_शंका (नांदेड)

वाचतोय. आणि शंका आहेच. हेच औषध उतावीळ मुलांना शांत करायला देतात ना? मग उंदीर उतावीळ कसा काय झाला? कुणीतरी एक चूक असणार.

खामकाठ

कुणीच नाही. 'उतावीळपणा' हे एकच पोतं नाही, त्यात दोन-तीन वेगळ्या गोष्टी कोंबलेल्या आहेत.

दुसरा प्रयोग बघा. उंदरासमोर दोन दांडे. एक दाबला की लगेच एक खाद्यगोळी. दुसरा दाबला की चार, पण थांबून. सुरुवातीला थांबावं लागत नाही, मग दहा सेकंद, वीस, चाळीस, शेवटी साठ. थांबणं वाढत गेलं की बहुतेक उंदीर हळूहळू 'एक तर एक, पण आत्ता' या दांड्याकडे सरकतात. कोण किती लवकर सरकतो तो त्याचा उतावीळपणा. इथं आगाऊ हालचालीचा प्रश्न नाही, निवडीचा आहे.

अशा प्रकारच्या प्रयोगात अ‍ॅम्फेटामिन दिल्यावर उंदीर जास्त वेळ थांबायला तयार झाले, असं २००० साली एका अमेरिकी गटानं दाखवलं. म्हणजे अगदी उलट! त्याच वर्षी केंब्रिजच्या कार्डिनल, रॉबिन्स आणि एव्हरिट यांनी एक मजा दाखवली. मोठ्या बक्षिसाची वाट बघताना पेटीत एक दिवा चालू ठेवला, म्हणजे 'येतंय, येतंय' अशी खूण राहील, तर अ‍ॅम्फेटामिन घेतलेला उंदीर जास्त थांबतो. तो दिवा काढून टाकला तर तेच औषध घेतलेला उंदीर आधीपेक्षा कमी थांबतो. फरक काय तो एका दिव्याचा.

तिसरा प्रकार थांबवण्याचा. उंदीर एका जागेकडून दुसरीकडे धावत सुटलाय, मध्येच आवाज होतो, त्यानं तिथल्या तिथं थांबायचं. यात औषधानं काही उंदीर सुधारतात, काही नाही. कोण सुधारतो ते पुढं लिहितो.

सांगायचं ते हेच. 'उंदरांवर सिद्ध झालंय' म्हणणाऱ्याला आधी विचारायचं, कोणत्या पेटीत, किती डोसला आणि मुळात कसा होता तो उंदीर?

धुरा_बांध (परभणी)

सर लई भारी लिहायलाव. मला ते डोपामिन काय कळालं नाही पण 'मुळात कसा होता' हे कळालं. आमच्याकडं दोन बैलं. एक ढिला, एक तापट. तुतारी टोचली की ढिला सरळ चालायला लागतो. तापटाला टोचली की गडी औत घेऊन धुऱ्यावर. तुतारी तीच, माणूस तोच.

खामकाठ

दादा, हे तुम्ही दोन ओळींत सांगितलं. औषधशास्त्रात यावर १९५० च्या दशकापासून वाद चाललाय. हार्वर्डमध्ये पीटर ड्यूज नावाचे संशोधक कबुतरांवर काम करायचे. त्यांनी १९५५ मध्ये दाखवलं की औषधाचा परिणाम नुसत्या औषधावर ठरत नाही, प्राणी आधी किती वेगानं चोच मारत होता त्यावरही ठरतो. पुढं उत्तेजकांच्या बाबतीत हे वारंवार दिसलं : आधी मंद असलेला प्राणी वेग घेतो, आधीच वेगात असलेला कमी होतो किंवा बिघडतो.

तो आवाज झाल्यावर जागीच थांबण्याचा प्रयोग म्हणालो ना, त्यातही हेच. अ‍ॅम्फेटामिननं सुधारले ते मुळात थांबायला वेळ लावणारे उंदीर. जे आधीच चटकन थांबत होते त्यांना काही मिळालं नाही.

एवढंच की बैलाच्या बाबतीत एकच तुतारी असते. इथं डोस कमी-जास्त केला की तोच ढिला प्राणीही धुऱ्यावर चढतो.

लातूरची_आई

मी इथं सहसा लिहीत नाही. माझ्या मुलाला एडीएचडी आहे, म्हणजे लक्ष टिकत नाही, एका जागी बसवत नाही. चौथीत आहे. डॉक्टरांनी मिथाइलफेनिडेट सुरू केलंय आणि शाळेतून पहिल्यांदाच तक्रार येणं थांबलंय. घरात सासूबाई रोज म्हणतात की लेकराला नशेची गोळी देताय. आता हा धागा वाचून पोटात गोळा आला. औषधानं उंदीर जास्त उतावीळ होतो असं तुम्ही सरळ लिहिलंय. आम्ही बंद करावी का? कृपया नीट सांगा.

मुकी_जित्राबं

ताई, बंद करू नका, आधी डॉक्टरांशी बोला. बाकी खामकाठ सर, 'तंतू रसायनानं मारले' हे तुम्ही इतक्या सहज लिहिलंत की वाचवेना. उपाशी ठेवून, मेंदूत सुया घालून मिळवलेलं हे ज्ञान आणि शेवटी म्हणायचं की माणसाला ते थेट लागूच नाही?

बालाघाट_डॉ (अंबाजोगाई)

ताई, मी मानसोपचार करतो, म्हणून आधी तुमच्याशी बोलतो. बाकीच्यांनी थोडं थांबा.

गोळी आपल्या मनानं बंद करू नका. उंदरांचा तो निकाल तुमच्या मुलाला तसाच लागू होत नाही, कारण डोसमध्ये जमीन-अस्मानाचा फरक आहे. जुन्या प्रयोगांत बऱ्याचदा मोठा डोस, तोही इंजेक्शननं. औषध रक्तात एकदम चढतं. मुलाला आपण तोंडानं, थोडं, वजन बघून देतो. बेरिज आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये उंदरांना मुद्दाम इतकं कमी मिथाइलफेनिडेट दिलं की रक्तातली पातळी माणसातल्या उपचाराएवढी राहील. तेव्हा दिसलं की डोपामिन आणि तसंच निरोप नेणारं नॉरअ‍ॅड्रिनलिन वाढलं ते मुख्यतः कपाळामागच्या भागात, प्रीफ्रंटल कॉर्टेक्समध्ये. खामकाठ सरांनी सांगितलेल्या अ‍ॅकम्बेन्समध्ये त्यामानानं फार कमी. आणि त्या उंदरांची स्मरणाची कामगिरी सुधारली. डोस चढवला की औषध सगळीकडे पसरतं, उंदीर पेटीत सैरावैरा फिरायला लागतो, आणि मग 'उतावीळ' दिसतो.

मुलांवरचं ज्ञान उंदरांवरून आलेलंच नाही, उलट क्रम आहे. १९३७ मध्ये अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडला चार्ल्स ब्रॅडली नावाच्या डॉक्टरांनी मुलांना बेंझेड्रिन, म्हणजे अ‍ॅम्फेटामिनच, देऊन पाहिलं आणि त्यातली बरीच मुलं अभ्यासाला बसू लागली. उंदरांची पेटी त्यानंतर जवळजवळ अर्ध्या शतकानं आली. १९९९ मध्ये ५७९ मुलांवरचा मोठा अभ्यास छापून आला, १४ महिन्यांचा. एडीएचडीच्या मूळ लक्षणांवर नीट देखरेखीखालचं औषध नुसत्या वर्तनोपचारापेक्षा सरस ठरलं.

सासूबाईंना हेही सांगा : लहानपणी हे औषध घेतलेली मुलं पुढं व्यसनी होतात का, यावरच्या १५ अभ्यासांचं एकत्र विश्लेषण २०१३ मध्ये झालं. धोका वाढलेला दिसला नाही. कमी झालेलाही दिसला नाही, ते प्रामाणिकपणे सांगायला हवं.

लातूरची_आई

डॉक्टर, खूप आभार. स्क्रीनशॉट काढून घरच्या ग्रुपवर टाकलाय. एक विचारू? उत्तेजक औषधानं मूल शांत होतं हे उलटंच नाही का? आमचे डॉक्टर म्हणाले की ज्याला एडीएचडी आहे त्यालाच असं होतं, म्हणजे निदान बरोबर आहे.

बालाघाट_डॉ

तसं पूर्वी सगळेच समजायचे, ताई, आणि दवाखान्यात समजावायला ते सोपं पडतं. पण ते खरं नाही. १९७८ मध्ये ज्युडिथ रॅपोपोर्ट यांनी कसलाही त्रास नसलेल्या १४ मुलग्यांना डेक्स्ट्रोअ‍ॅम्फेटामिनचा एक डोस देऊन पाहिला. तीही कमी वळवळ करायला लागली, त्यांचंही लक्ष सुधारलं. म्हणजे गोळी लागू पडली म्हणून निदान पक्कं, असं होत नाही. निदान मुलाच्या घरातल्या आणि शाळेतल्या इतिहासावरून होतं.

पुन्हा_रिपीटर (लातूर)

डॉक्टर तुम्हीच म्हणलात आता!! नॉर्मल पोरांचं पण लक्ष सुधारलं. मग आम्ही घेतली तर काय बिघडलं? आमच्या रूमवर दोघं जण घ्यायलेत. एक तर म्हणतो रात्रभर बायो करतोय अन् झोपच येत नाही. मी अजून घेतली नाही पण खरं सांगतो, मनात येतं. तीन हजारांच्या मेसच्या पैशात कापून घ्यायलेत लोक.

औषधी_दुकान_बीड

भावा, तू ज्या गोळीचं नाव मोबाईलवर दाखवून मागायला येशील ती अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्यातल्या यादीत आहे. मिथाइलफेनिडेट चिठ्ठीशिवाय विकलं तर माझं दुकान जातं आणि तुझं करिअर. आमच्याकडं पोरं येतात, 'काका फक्त एक पत्ता'. मी सरळ हात जोडतो. ज्यांच्याकडून मिळतंय ते कुठून आणतात, पत्त्यात नेमकं काय आहे, हे त्यांनाही ठाऊक नसतं.

उगाच_शंका

कायदा ठीक. पण पोराचा मुद्दा सुटत नाही. लक्ष वाढत असेल तर मार्कही वाढणार, एवढं साधं आहे. खामकाठ सर, 'काम चांगलं होतं का' यावर बोला. उंदीर जास्त नाकं खुपसतो की जास्त खाद्यगोळ्या कमावतो?

खामकाठ

शंका कामाची आहे. यासाठी एक जुना आणि मला स्वतःला सगळ्यात आवडणारा प्रयोग सांगतो. उंदरानं दांडा दाबला की खाणं मिळतं, पण अट अशी की आधीच्या दाबण्यानंतर किमान वीस सेकंद तरी हात आवरायचा. मध्येच दाबलं की घड्याळ पुन्हा शून्यावर. म्हणजे कमी काम करणाऱ्याला जास्त पगार. चांगले तयार झालेले उंदीर वीसच्या आसपास बरोबर दाबायला शिकतात. त्यांना अ‍ॅम्फेटामिन द्या. दाबणं वाढतं, पण बारा-पंधरा सेकंदांतच दाबतात आणि घड्याळ शून्यावर. मेहनत जास्त, कमाई कमी. उंदीर बाहेरून बघितला तर काय जोमात कामाला लागलाय असं वाटेल.

आता माणसांकडे या. २०२३ मध्ये मेलबर्नच्या संशोधकांचा एक अभ्यास आला, ४० निरोगी तरुण माणसांवर. त्यांना कधी मिथाइलफेनिडेट, कधी डेक्स्ट्रोअ‍ॅम्फेटामिन, कधी मोडाफिनिल (जागं ठेवणारं औषध) आणि कधी नुसती कोरी गोळी दिली. काम होतं पिशवी भरण्याचं : वजनाची मर्यादा ठरलेली, वस्तूंचं वजन वेगळं, किंमत वेगळी, जास्तीत जास्त किमतीचा माल बसवायचा. औषध घेतल्यावर लोकांनी जास्त वेळ दिला, जास्त वेळा वस्तू काढल्या-घातल्या. उत्तरं मात्र सुधारली नाहीत, प्रयत्नांचा दर्जा घसरला. आणि कोऱ्या गोळीवर जे सरासरीच्या वर होते त्यातले पुष्कळ जण औषधावर सरासरीच्या खाली आले. परभणीच्या दादांचा तापट बैल तो हाच.

रिपीटर, तुझ्या रूमवरचा तो रात्रभर बायो करतोय हे खरंच असेल. नीटच्या पेपरात चुकीच्या उत्तराला एक मार्क कापतात हे तुला मी सांगायला नको. ओएमआरवर 'दिव्याआधी नाक खुपसणारा' विद्यार्थी तिथं काय करेल, याचा विचार कर. झोप उडवून वाचलेलं लक्षात कितपत राहतं हा तर वेगळाच धडा.

पुन्हा_रिपीटर

वीस सेकंदवाला प्रयोग डोक्यात बसला सर. माझ्या मागच्या पेपरात फिजिक्समध्येच निगेटिव्ह गेलेत. घाई.

धुरा_बांध

पोरा झोप घे आधी. कामून जीव काढायलाव.

मुकी_जित्राबं

माझ्या प्रश्नाला कुणीच उत्तर दिलं नाही याची नोंद घेतली जावी.

खामकाठ

राहून गेलं खरं. ताई का दादा माहीत नाही, म्हणून नुसतं सांगतो.

आपल्याकडे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंध कायद्याखाली एक केंद्रीय समिती आहे, सगळे तिला सीपीसीएसईए म्हणून ओळखायचे, आता सीसीएसईए म्हणतात. १९९८ च्या नियमांप्रमाणे प्राण्यांवर प्रयोग करणाऱ्या प्रत्येक संस्थेची नोंदणी लागते, संस्थेची स्वतःची नीतिसमिती लागते, आणि त्यात केंद्रानं नेमलेला माणूस बसतो. किती प्राणी, का, दुसरा मार्ग नाही का, हे लेखी द्यावं लागतं. कागदावर सगळं असतं आणि प्रत्यक्षात सगळीकडे ते पाळलं जातंच असं म्हणायला मी धजावणार नाही. बी-फार्मच्या शिकवण्याच्या प्रयोगांत मात्र आता बहुतेक ठिकाणी जिवंत प्राणी नाहीत, संगणकावर दाखवतो. मला ते बरंच वाटतं.

'माणसाला लागूच नाही' असं मात्र नाही. उलट एक फार महत्त्वाची गोष्ट याच पेटीतून निघाली. केंब्रिजच्या डॅली आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये उंदीर निवडले ते मुळातच आगाऊ नाकं खुपसणारे, कुठलंही औषध न दिलेले. मेंदूचं पीईटी स्कॅन केलं. अ‍ॅकम्बेन्सच्या भागात डोपामिनच्या डी-२ आणि डी-३ ग्राहकांची (रिसेप्टर, म्हणजे पेशीवर डोपामिन जिथं बसतं त्या जागा) उपलब्धता त्यांच्यात आधीपासूनच कमी होती. मग त्यांना स्वतः दांडा दाबून कोकेन घ्यायची मुभा दिली, तर शांत उंदरांपेक्षा यांनी कितीतरी जास्त घेतलं. व्यसनी माणसांच्या मेंदूत हे ग्राहक कमी दिसतात हे माहीत होतं, पण व्यसनानं कमी झाले की आधीच कमी होते म्हणून व्यसन लागलं, हे माणसांवर सोडवता येत नव्हतं. कारण माणूस दवाखान्यात येतो तो व्यसन लागल्यावर. निदान काही भाग तरी आधीचाच असतो, हे उंदरांनी सांगितलं.

याचा अर्थ उतावीळ लेकरू व्यसनी होणारच असा नाही. लातूरच्या ताई, तुम्ही हे वाचून पुन्हा घाबरू नका, डॉक्टरांनी वर लिहिलंय तेच खरं.

मुकी_जित्राबं

ताई. आणि उत्तर पटलं नाही, पण दिलंत म्हणून आभार.

औषधी_दुकान_बीड

सर, एक आपल्या भागातलं विचारतो. आमच्याकडं सकाळी पहिली चिमूट तंबाखूची, मग काम. लोक म्हणतात त्याशिवाय डोकं चालत नाही. गुटखा २०१२ पासून बंद आहे म्हणे, पण ते सोडा. निकोटीनही उत्तेजकच ना? त्याचं या पेटीत काय होतं?

खामकाठ

निकोटीन या पेटीत भरपूर तपासलंय. काम अवघड केलं असेल, म्हणजे दिवा फार थोडा वेळ लावला असेल, तर निकोटीननं उंदराचं लक्ष थोडं सुधारतं, उत्तरही लवकर येतं. म्हणजे लोकांच्या म्हणण्यात काहीच नाही असं नाही. पण जोडीला आगाऊ नाकंही वाढतात. आणि तंबाखू खाणाऱ्याला सकाळी जी तरतरी वाटते तिच्यातला मोठा वाटा रात्रभर न मिळालेल्या निकोटीनची तलफ भागल्याचा असतो. न खाणाऱ्याचं डोकं त्या चिमटीशिवाय तेवढंच चालत असतं.

उलटं उदाहरणही आहे. अ‍ॅटोमॉक्सेटिन नावाचं औषध एडीएचडीला देतात, ते नॉरअ‍ॅड्रिनलिनवर काम करतं आणि उत्तेजक नाही. त्यानं या पेटीत आगाऊ नाकं कमी होतात. हे आणि अ‍ॅम्फेटामिन, दोन्ही औषधं एकाच आजाराला चालतात आणि उंदराच्या पेटीत एकमेकांच्या विरुद्ध दिशेला जातात. ज्यांना पेटी म्हणजे आजाराची हुबेहूब नक्कल वाटते त्यांनी या जोडीवर झोप काढून विचार करावा.

बालाघाट_डॉ

बरोबर. ताई, तुमच्या मुलासाठी पुढच्या भेटीत विचारायच्या गोष्टी तेवढ्या लिहितो. दर भेटीला उंची आणि वजन नोंदवतात का. बीपी आणि नाडी बघतात का. गोळीचा असर शाळा सुटेपर्यंत टिकतो की दुपारीच उतरतो. आणि शिक्षकांकडून लेखी काही मागवलंय का, कारण आपण घरी मूल बघतो ते बहुधा असर उतरल्यावरचं. भूक कमी होते, म्हणून नाष्टा गोळीच्या आधी पोटभर द्या.

लातूरची_आई

भूक तर फारच कमी झालीय. डबा तसाच परत येतो. संध्याकाळी सातनंतर मात्र धपाटे मागून मागून खातो.

धुरा_बांध

आता माझा एक प्रश्न. रागाऊ नका सर. ह्या गोळीनं भूक मरते म्हणायलाव. उंदीर काम करतोय खाण्यासाठी. मग भूकच मेली तर तो कशाला नाक खुपसंल? अन् मोठ्या ढिगाची वाट बघत थांबला, तर तो धीर हाय का भूक नाही म्हणून निवांत बसलाय, हे तुम्हाला कसं कळणार?

उगाच_शंका

दादा, हा प्रश्न माझा असायला हवा होता.

खामकाठ

रागावतो कशाला, हा प्रश्न प्रत्येक शोधनिबंधाच्या परीक्षकानं विचारलेला असतो.

उंदरांना या कामासाठी मोजून खायला देतात, पोटभर खाताना जेवढं वजन असतं त्याच्या ८५ ते ९० टक्क्यांवर ठेवतात, म्हणजे भूक कायम राहते. तरी औषधानं ती मरू शकतेच. म्हणून पेटी आणखी एक गोष्ट मोजते : बरोबर उत्तर दिल्यावर खाद्यगोळी उचलायला उंदीर किती वेळ लावतो. भूक मेलेला उंदीर रमतगमत जातो, आणि फेऱ्याही सोडून द्यायला लागतो. अ‍ॅम्फेटामिनच्या छोट्या डोसला उचलण्याचा वेळ वाढत नाही आणि आगाऊ नाकं तेवढी वाढतात, म्हणून तिथं भुकेवर खापर फोडता येत नाही. डोस चढवला की फेऱ्या सुटायला लागतात. मग त्या डोसवरचं काही 'उतावीळपणा' किंवा 'लक्ष' या नावानं वाचायचंच नाही.

दोन दांड्यांच्या प्रयोगात तुमची शंका जास्त बोचरी आहे. तिथं पळवाट अशी ठेवलेली असते की सुरुवातीच्या फेऱ्यांत थांबणं शून्य असतं. एक खाद्यगोळी आत्ता की चार आत्ता, एवढाच सवाल. शहाणा भुकेला उंदीर चारच घेणार. औषध दिल्यावर या फेऱ्यांतही तो चार सोडून एक घ्यायला लागला, तर समजायचं की बिघाड धीराचा नाही. त्याला चार आणि एकातला फरकच वाटेनासा झालाय, किंवा तो एकाच दांड्यापाशी अडकून बसलाय. निबंधातला आलेख बघताना मी पोरांना सगळ्यात आधी डावीकडचा हा पहिला ठिपका बघायला लावतो. तो खाली आलेला असेल तर बाकीच्या रेषेवर वाद घालायचं कारण नाही.